अक्काची गिरकी

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं आई म्हणायची, आणि ते काही लाडानं म्हणायची नाही. जेवायला बसले तरी माझी मांडी हलायची. "पाय हलवू नको, लक्ष्मी जाते," आई ताटावरूनच ओरडायची. लक्ष्मी आमच्याकडे कधी पाट घेऊन बसली होती म्हणून माझ्या मांडीच्या धक्क्यानं उठून जाणार होती, कोण जाणे. भाऊ, म्हणजे माझे वडील, धुळ्याच्या कचेरीत कारकून. देवपुरात दोन खोल्यांचं भाड्याचं घर. लढाईचे दिवस होते, रॉकेल मिळायचं नाही, साखर मिळायची नाही, आणि स्वस्थ बसण्याचा उपदेश मात्र हवा तेवढा मिळायचा.

घरात आम्ही चौघं. भाऊ, आई, मी आणि अक्का. अक्का ही भाऊंची थोरली बहीण. सासरी जाऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा तिचं कुंकू पुसलं गेलं आणि ती माहेरी आली ती कायमची. मला आठवते तेव्हापासून ती तशीच, रंग विटलेलं जुनेर नेसलेली, भिंतीच्या कडेकडेनं चालणारी. कुणाच्या हळदीकुंकवाला नाही, कुणाच्या बारशाला नाही. घरात पाहुणे आले की ती आपोआप मागच्या दाराशी जाऊन बसायची. तिला कुणी तसं सांगत नसे. सांगावं लागत नसे, याचाच मला राग यायचा.

आमच्या घरात आनंद झाला तर तो झाकायची रीत होती. दूध जसं उघडं ठेवत नाहीत तसा आनंदही उघडा ठेवायचा नाही, दृष्ट लागते. भाऊंना बढती मिळाली त्या दिवशी ते घरी आले, चष्मा पुसला, पुन्हा पुसला आणि म्हणाले, "भाजीत मीठ कमी आहे." आई तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली. त्यावरून मला कळलं की काहीतरी चांगलं घडलंय.

हा नियम वर्षातून एका दिवशी मोडायचा, आणि तो मोडायची अक्का. श्रावणात कानबाई, म्हणजे आमची खानदेशची देवी, बसवायला आम्ही बैलगाडीनं गावी जायचो. गावही पांझरा नदीच्याच काठी, धुळ्याच्या थोडं वर. सगळे भाऊबंद थोरल्या घरी जमायचे. नारळाला नथ, डोळे, दागिने घालून कानबाई चौरंगावर बसायची, नैवेद्याचे रोट व्हायचे, रात्रभर बाया गाणी म्हणायच्या. सोमवारी सकाळी चौरंग डोक्यावर घेऊन तिला नदीवर बोळवायला निघायचं. पुढे डफ वाजायचा. आणि नदीजवळ आलं की दरवर्षी न चुकता अक्काच्या अंगात कानबाई यायची.

आधी तिची बोटं थरथरायची. मग मनगट, मग खांदा. मग अंबाडा सुटायचा आणि माझी भिंतीच्या कडेनं चालणारी अक्का नदीच्या वाळूत एक गिरकी घ्यायची. तशी गिरकी मी नंतर मोठमोठ्या थेटरांतही पाहिली नाही. सगळं अंग एका टाचेवर, हात वर, मान मागे, आणि चेहऱ्यावर असं काही की मी लहानपणी बघता बघता रडायचे. मग सवाष्णी ताटं घेऊन पुढे व्हायच्या आणि तिच्या कपाळाला मळवट भरायच्या. वर्षभर जिच्या कपाळाकडे कुणी बघत नसे, तिच्या पाया पडायच्या. कुणी विचारायची, औंदा पाऊस कसा? कुणी विचारायची, पोर होईल का? अक्का कधीच उत्तर द्यायची नाही. शेजारच्या गावची कानबाई चोरी कुणी केली तेसुद्धा सांगते, आणि आपली मेली मुकी, अशी गावात तक्रार होती.

मी मॅट्रिकच्या आदल्या वर्गात होते तेव्हा आमच्या मुलींच्या शाळेत एक नवीन बाई आल्या. बडोद्याकडून आलेल्या, पंचविशीच्या, एकट्या राहणाऱ्या. एवढ्या तीन गोष्टी देवपुराला वर्षभर पुरल्या असत्या. त्यांना चित्रकला शिकवायला नेमलं होतं. पण त्यांच्या डोक्यात नाच होता. देवळातला नव्हे, तमाशातला नव्हे, गरबाही नव्हे. गाण्याचे शब्द नाहीत, राधा नाही, कृष्ण नाही. माणसाच्या मनात जे असतं ते अंगानं सांगायचं, बस्स. संमेलनात असा नाच बसवायचा आणि त्याचा विषय आनंद, असं त्यांनी ठरवलं. मुख्याध्यापिकाबाईंना मात्र त्यांनी 'तालबद्ध कवायत' असं सांगितलं. घरी मीही तेच सांगितलं. कवायतीला भाऊंची ना नव्हती.

पहिल्या दिवशी बाईंनी आम्हा मुलींना भिंतीशी उभं केलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला खूप आनंद झालाय. काय करता ते दाखवा."

एकीनं तोंडावर हात घेतला. दुसरीनं खाली बघितलं. तिसरीनं पदर शोधला, तो नव्हता, परकर-पोलकं होतं, तर तिनं वेणीच तोंडात धरली. बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अगं, ही तर लाज झाली. आनंद कुठाय?"

माझी पाळी आली. मी काही ठरवलं नव्हतं. उभं राहून राहून पायांना नुसत्या मुंग्या आल्या होत्या. डोळे मिटले तर समोर अक्का आली. वाळूतली. मी बोटं थरथरवली, मनगट, खांदा, आणि गिरकी घेतली. धडपडलेच, पण घेतली.

बाई जवळ आल्या. "हे कुठे शिकलीस?"

"घरी," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते.

त्या गिरकीभोवती बाईंनी सगळा नाच रचला. ओलं लुगडं झटकताना खांदा कसा जातो, झोक्यावर पाय कसे पुढे येतात, लंगडीत कंबर कशी सावरते, असलं आमचंच रोजचं सगळं उचलून त्यांनी एकापुढे एक लावलं. आपण दिवसभर नाचतच असतो आणि आपल्याला पत्ता नसतो, हे मला तेव्हा कळलं. तबलजी पुरुष, तो मुलींच्या शाळेत चालायचा नाही. म्हणून बाईंनी बाजारातून डफ आणला आणि स्वतःच वाजवायला शिकल्या. शेवटी सगळ्या मुली मागे सरणार, मी एकटी मधे, वेणी मोकळी सोडून गिरक्या. दिवाळीपासून आम्ही रोज शाळा सुटल्यावर हेच करत होतो. पांझरेच्या पुलावरून घरी येताना मी सरळ चालतच नसे. भाजीवाल्या बाया म्हणायच्या, "पोर हिंडस का उडस व माय?"

त्या दिवसांत मला कुणी विचारलं असतं, तुला काय हवंय, तर मी एका दमात सांगितलं असतं. मला हा नाच सगळ्यांसमोर नाचायचा होता आणि लोकांनी म्हणायला हवं होतं की ही नाचली. ही, म्हणजे मी.

आता नाचता येईना अंगण वाकडं असा माझा प्रकार नव्हता. नाचता येत होतं. अंगणच दुसऱ्या कुणाचं निघालं.

संमेलनाच्याच दिवसांत जळगावहून एक स्थळ आलं. मुलाची आई स्वतः मुलगी बघायला आली. जळगावच्या काकू, आपण त्यांना तेवढंच म्हणू. भाऊंनी विचार केला, नुसते पोहे देण्यापेक्षा मुलीची हुशारी दाखवू. "आमची शाळेत कवायतीत पहिली आहे," असं म्हणून त्यांनी काकूंना थेट संमेलनालाच आणलं. आई आली, शेजारच्या बाया आल्या, आणि शाळेत काही हळदीकुंकू नाही म्हणून अक्काही आली. शाळेच्या पटांगणात दुपारी मांडव घातला होता. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया.

मला पडद्याआडून जळगावच्या काकू दिसल्या आणि मी पडदा पटकन सोडला. बाई म्हणाल्या, "कुणाकडे बघू नकोस. तुला आनंद झालाय एवढंच लक्षात ठेव."

डफ सुरू झाला.

पहिला अर्धा भाग छान गेला. मुली झोके घेत होत्या, लोक कौतुकानं बघत होते, कवायत जरा वेगळी आहे एवढंच. मग मुली मागे सरल्या. माझी बोटं थरथरली. मनगट, खांदा. मी वेणी सोडली. आणि गिरकी आली. इतकी नीट ती कधीच आली नव्हती. सांगते, मला खरोखर आनंद झाला होता. तो माझ्या टाचेतून डोक्यात चढत होता आणि मी तो कशानंही झाकत नव्हते.

तेवढ्यात मला भाऊ दिसले. ते उठून मंचाकडे येत होते. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. मुलगी मोकळ्या केसांनी चारचौघांत गिरक्या घेतेय, आणि बघायला जळगावहून आणलेली विहीणबाई! ते मला दंडाला धरून खाली ओढणार हे पटांगणातल्या पोरासोरांनाही कळलं. उद्यापासून शाळा बंद, महिन्याभरात लग्न, हे मला कळलं. पाय मात्र थांबेनात.

आणि बायांच्या घोळक्यातून एक आवाज आला. त्या आवाजानं ओरडलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

"कानबाई उनी! माय व, कानबाई उनी!"

अक्का उभी राहिली होती. ती धावत मंचापाशी आली आणि माझ्या पायाशी लोटांगण घातलं. मग एकेक बाई उठली. डफ वाजतोय, केस सुटलेत, पोर गरगर फिरतेय. खानदेशातल्या कुठल्याही बाईला याचा एकच अर्थ ठाऊक होता. कुणीतरी कमरेची कुंकवाची डबी काढली. "माघ महिनामा कशी उनी?" एका म्हातारीनं शंका काढली. अक्कानं जमिनीवरूनच तिला फटकारलं, "तिले काय महिना इचारीसन येवानं पडस?"

भाऊ मंचाच्या पायरीवर येऊन थांबले. कचेरीतला माणूस, रोज वर्तमानपत्र वाचणारा. पण कानबाई त्यांच्याही घरची होती. त्यांनी टोपी काढली आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. माझ्या बापानं. मला वाटलं जमीन पोटात घेईल तर बरं.

शेवटी एक बाई पुढे आली, रडतच. "माय, मना पोऱ्या लढाईवर गया शे. कव्हय येई?" काय सांगणार होते मी तिला? मी शाळेतली पोरगी. अक्कानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "देवी बोलस नही, बाई. देवी फक्त नाचस."

आमच्या बाई मांडवाच्या कोपऱ्यात डफ मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांना काहीच कळत नव्हतं.

पुढचे महिने मी कसे काढले ते मलाच माहीत. जळगावच्या काकूंनी नकार कळवला, तोही किती नम्र! मुलगी लाखात एक आहे, पण जिच्या अंगात देवी येते त्या सुनेला मी भांडी घास कसं म्हणू? शाळा चालू राहिली, कारण देवीला घरात कोंडायची भाऊंची छाती नव्हती. पण नाच बंद. देवीचा नाच मंचावर होत नसतो. घरात मला कुणी रागवेना. जेवताना माझी मांडी हलली तर आई आपलं ताट सरकवून हळूच हात जोडायची. मला किंचाळावंसं वाटायचं. दिवाळीपासून माझे गुडघे सोलून निघाले, टाचा फुटल्या, आणि नाचली कोण? तर कानबाई! माझा आनंद माझ्या अंगावरून उतरवून सगळ्यांनी देवीला नेसवला होता, आणि त्याची सुरुवात माझ्या सख्ख्या आत्यानं केली होती.

उन्हाळ्यात बाईंना शाळेनं निरोप दिला. स्टेशनवर त्या मला म्हणाल्या, "तुला राग नाही येत?"

"येतो."

"मग सांग की त्यांना. एकदा तरी मोठ्यानं सांग, की ते तुझं होतं."

मी सांगेन म्हटलं. तेव्हापासून ते वाक्य माझ्या जिभेवर होतं आणि मी श्रावणाची वाट बघत होते. गावासमोरच सांगायचं, नदीवर, डफ वाजत असताना. जिथल्या देवीनं नेलं तिथेच परत घ्यायचं.

कानबाईच्या आदल्या दिवशी अक्का थोरल्या घराच्या पडवीत रोटाचे गहू दळत होती. मी तिच्यासमोर जाऊन बसले. पाय अर्थातच हलत होता.

"तू का ओरडलीस त्या दिवशी?" मी म्हटलं. "कानबाई-बिनबाई काही नव्हती. मी होते. परवा, नदीवर, मी सगळ्यांना सांगणार आहे."

जात्याचा फेरा चालूच राहिला. मला वाटलं ती घाबरेल, कानांवर हात ठेवेल, देवीची क्षमा मागेल.

"सांग," ती म्हणाली. "तुना नाच, तू सांग."

तिनं मनगटानं कपाळ पुसलं. कपाळावर पिठाचा पांढरा पट्टा उमटला. तेवढंच. मी चिडून उठून गेले. भांडायला आलेल्या माणसाशी कुणी भांडू नये यासारखा अपमान नाही.

सोमवारी कानबाई निघाली. चौरंग पुढे, भाऊ आणि पुरुषमंडळी त्याच्या बाजूनं, मागे बाया. पांझरेला गढूळ पाणी होतं, काठाची वाळू ओली. डफ घुमायला लागला. दरवर्षीच्या जागी आल्यावर सगळ्यांनी अक्काकडे बघितलं.

अक्का हलली नाही. पदराचं टोक मुठीत घट्ट धरून ती उभी होती, मागे, कडेला. तिच्या मुठीतली बोटं थरथरत होती आणि ती ती दाबून धरत होती. मी ते पाहिलं, पण माझ्याच तंद्रीत होते. बाया कुजबुजायला लागल्या. मग त्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या.

मी वेणी सोडली आणि सुरुवात केली. बाईंचा नाच, पहिल्यापासून. लुगडं झटकलं, झोका घेतला, लंगडी घातली. म्हटलं, आता गिरकी, आणि गिरकी संपली की ताट पुढे यायच्या आत बोलायचं. पण ओल्या वाळूत टाच रुतली. मी वाकडी झाले. पुन्हा घेतली, पुन्हा रुतली. डफ पुढे जात होता आणि मी मागे राहत होते.

तेवढ्यात माझ्या शेजारी वारा आल्यासारखं झालं. अक्का होती. पिकलेले केस मोकळे, डोळे मिटलेले, मान मागे. तिनं एक गिरकी घेतली आणि माझ्या अगदी जवळून जाताना, ओठ न हलवता पुटपुटली,

"डावा पाय पहिले टाक. वायूमा उजवा फसस."

मी वाळूत डावा आधी टाकला. गिरकी आली.

माझ्या डोक्यात लख्ख झालं. डोळे मिटून तिला माझा पाय दिसत होता! देवी आलेल्या बाईला ओली वाळू कोणती, पाय कोणता, हे कळत होतं. या वर्षी कळत होतं, म्हणजे गेल्या वर्षी कळत होतं, त्याआधीही. दरवर्षी. शाळेच्या पटांगणात ती माझ्या पायावर पडली तेव्हा तिला पक्कं ठाऊक होतं की नाचतेय कोण आणि गिरकी कुणाची. मी मात्र आनंद शिकायला बडोद्याच्या बाईंकडे गेले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आम्ही दोघी नाचलो. ती लुगडं झटकायचं माझ्याकडून उचलत होती, मी टाच तिच्याकडून. "कानबाई-रानबाई दोन्ही उन्यात!" कुणीतरी ओरडलं. रानबाई ही कानबाईच्या जोडीची देवी.

डफ थांबला. सवाष्णी ताटं घेऊन पुढे आल्या, सगळ्यांत पुढे आई. ताट आधी माझ्यासमोर आलं. माझं वाक्य जिभेवर तयार होतं. मी अक्काकडे पाहिलं. ती डोळे मिटून उभी होती, धापा टाकत, कपाळ किंचित वर केलेलं. पापण्या थरथरत होत्या. तिनं मला सांग म्हटलं होतं. मी बोलले असते तर तीही तशीच उभी राहिली असती, आणि ते कपाळ तसंच कोरडं घेऊन पुन्हा भिंतीच्या कडेनं घरी गेली असती.

मी आईच्या ताटातलं कुंकू चिमटीत घेतलं आणि अक्काच्या कपाळाला लावलं. घाईत चिमूट जास्त भरली होती, ते भुवईवर सांडलं.

"हयू," अक्का डोळे न उघडता म्हणाली. "डोयामा जाई."

"बोलनी!" आई किंचाळली. "कानबाई बोलनी!"

झालं. इतक्या वर्षांची मुकी देवी बोलली होती. गर्दी एकदम पुढे सरकली. काय बोलली? पावसाचं बोलली? लढाईचं बोलली? हळू, डोळ्यात जाईल, एवढंच ती म्हणाली होती, पण ते नीट ऐकलं फक्त मी होतं, म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले. भाऊसुद्धा, टोपी हातात घेऊन. मोठ्यानं काहीतरी सांगायची वेळ आलीच होती माझ्यावर.

"ती म्हनस," मी ओरडले, "बठ्ठ्या नाचा!"

सगळ्याजणींनी? बाया एकमेकींकडे बघत राहिल्या. डफवाल्याला आधी समजलं, त्यानं थाप मारली. एक म्हातारी वाळूत पाय आपटायला लागली, मग तिची सून, मग फुगडीला दोघी. आईनं ताट खाली ठेवलं. सवयीनं तिचा हात पदराकडे गेला, तोंडाला लावायला. पण ताट ठेवताना हाताला कुंकू लागलं होतं, पदर खराब झाला असता. तिनं हात तसाच वर धरला, भाऊंकडे एकदा बघितलं, आणि डावा पाय आधी टाकला.